न्हाणीतले तुंबलेले पाणी

'न्हाणी' हा शब्द आपल्या बोलण्यातून आता जवळजवळ हद्दपार झाला आहे. घरोघरी 'बाथरूम' रूढ झाले. तरीही हा शब्द एका अनपेक्षित ठिकाणी टिकून राहिला. स्नानगृहाच्या फरशीत, जाळीच्या खाली जे भांडे बसवतात, त्याला आपल्याकडचे अभियंते आणि प्लंबर आजही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. या भांड्यात थोडे पाणी कायम साचून राहते. ते पाणी म्हणजे पडदाच असतो. खालच्या नळातील दुर्गंधी आणि किडे तो घरात येऊ देत नाही. वाकलेल्या नळीत पाणी अडवून वायू रोखण्याच्या या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने 1775 मध्ये घेतले होते. अडीचशे वर्षांपूर्वीची ती कल्पना आज तुमच्या-आमच्या पायांखाली मुकाट्याने काम करीत असते. ती आठवते, ती पाणी तुंबते तेव्हाच.

पनवेलमधील आमच्या घरी ते तुंबले. आंघोळ करताना साबणाचे पाणी घोट्यापर्यंत चढू लागले आणि उतरायला अर्धा तास लागू लागला. घरात लगेच एक वाक्य उच्चारले गेले, "एखादा माणूस बोलवा." शेजाऱ्यांनीही तोच सल्ला दिला. वाचकहो, या वाक्यातील 'माणूस' या शब्दाकडे थोडे लक्ष द्या. दिवा लागेनासा झाला, की आपण इलेक्ट्रिशियन बोलावतो. दार बिघडले, की सुतार. मोरी तुंबली, की मात्र 'माणूस'! त्याच्या कामाला आपण नाव देत नाही आणि त्याचे नावही बहुधा विचारत नाही.

मी हातमोजे घातले, बादली आणि पक्कड घेतली आणि जाळीचे स्क्रू काढले. आत काय होते? केस. घरातील चौघांचे, काळे आणि पांढरे, एकमेकांत गुंतलेले. आणि त्यांना लपेटून बसलेला राखाडी, बुळबुळीत थर. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावले, की न विरघळणारा साका तयार होतो. केसांचे जाळे तो साका धरून ठेवते आणि साका केसांना चिकटवून ठेवतो. टोक वाकवलेल्या तारेने तो गुंता एकसंध बाहेर आला. ट्रॅपमधील वाटी घासून पुन्हा बसवली. मग गरम पाणी ओतले; उकळते नव्हे, कारण त्याने पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो. बाजारातील दाहक पूड वापरण्याची गरजच पडली नाही. तुम्हांला ती कधी वापरावी लागली, तर एक पथ्य पाळा: दोन निरनिराळी द्रव्ये कधीही एकत्र करू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले, की विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

काम वीस मिनिटांचे होते. दुर्गंधी होती, किळस आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती किळस कोणाची होती? केस आमचे, मळ आमचा, साबण आमचा. स्वतःच्या देहावरून उतरलेली गोष्ट हातभर अंतर खाली जाताच परकी होते आणि ती उचलणे दुसऱ्याचे काम ठरते. हा दुसरा कोण असावा, हे आपल्या समाजाने जन्मावरून ठरवून टाकले होते.

कोकणच्याच भूमीत या ठरावाला एका माणसाने आव्हान दिले. अप्पासाहेब पटवर्धन 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथील भंगीकाम आपल्याला करू द्यावे, अशी त्यांची मागणी होती. ते उच्चवर्णीय म्हणून तुरुंगाने ती नाकारली, तेव्हा त्यांनी अन्नत्याग केला आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्यापासून खत करणाऱ्या साध्या संडासांचे प्रयोग केले. तुरुंगात सवलती मागणारे पुष्कळ असतात. घाण उपसण्याचा हक्क मागणारा विरळाच.

जुन्या कोकणी घरांच्या न्हाणीचे पाणी परसात जाई. त्यावर अळू आणि केळी वाढत. आपले सांडपाणी कुठे जाते, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. आज आमच्या इमारतीचे पाणी पाइपात शिरते आणि दिसेनासे होते. देहरंग धरणातून पनवेलला पाणी येते, याची चर्चा उन्हाळ्यात चौकाचौकांत होते. वापरलेले पाणी खाडीकडे जाताना किती चेंबरांतून जाते आणि तेथे गुंता झाला तर तो कोण काढतो, याची चर्चा होत नाही. हाताने मैला साफ करवून घेण्यास प्रतिबंध करणारा 2013 चा कायदा त्याच वर्षी 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. तरीही संरक्षक साधनांवाचून गटारात उतरलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या थांबल्या नाहीत. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृतांच्या कुटुंबांना द्यायची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. ही रक्कम वाढवावी लागते, यातच पुष्कळ काही आले.

आपल्या घरची जाळी आपण साफ केल्याने चेंबरात उतरणाऱ्याचे दुःख संपत नाही, हे मला कळते. परंतु त्या गुंत्यातला आपला वाटा तेवढा अडवता येतो. दर पंधरा दिवसांनी जाळीवरचे केस उचलून कागदात गुंडाळावेत आणि कचऱ्यात टाकावेत. आणि ज्या दिवशी काम खरोखरच आपल्या आवाक्याबाहेरचे असेल, त्या दिवशी मदतीला येणाऱ्याचे नाव विचारावे, त्याला हातमोजे आणि हात धुवायला साबण द्यावा, घरातल्याच पेल्यातून पाणी द्यावे आणि कामाचे पैसे घासाघीस न करता मोजावेत. तो चेंबरात उतरू लागला, तर मात्र त्याला थांबवावे आणि यंत्र मागवावे.