राखण

ज्वारीच्या कणसात दाणा भरायला लागला की आमच्या घाटमाथ्यावर राखणीचे दिवस सुरू व्हायचे. शेताच्या मधोमध चार मेढी रोवून माळा बांधायचा, गोफण घेऊन त्यावर बसायचं आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत ओरडत राहायचं. आमचे आप्पा एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "राखणदारानं नुसतं डोळ्यावर राहू न्हाई. पाखरू दिसंस्तवर कणीस रिकामं हुतं. कान उघडं ठेव." आप्पा गेले, माळेही गेले. टेंभू-ताकारीचं पाणी आलं आणि ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. पण राखण काही संपली नाही. आता ती घरातल्या पोरांची करावी लागते.

आमच्या लहानपणी पोरं काय बघतात याची काळजी एकट्या आईबापाला नव्हती. कारण एकट्यानं बघण्यासारखं काही नव्हतंच. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, तो सगळ्या गावानं मिळून बघायचा. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा आमच्या अख्ख्या आळीत एकच टीव्ही. रविवारी सकाळी त्या घराच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नसायची. पोरं पुढं, बाया मागं, गडी माणसं उंबऱ्यात. एरवी एखाद्या सिनेमात नायक-नायिका जरा जवळ आली की मागून कुणीतरी म्हातारी खाकरायची, "ए पोरांनो, तांब्याभर पाणी आणा रं." एक तांब्या भरायला सात-आठ पोरं उठायची. ती परत येईपर्यंत नायक-नायिका लांब झालेली असायची. त्या एका खाकरण्यात सगळ्या आळीची राखण व्हायची.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाईलवर आला. धाकट्या भावानं एक शेळी विकून पोरासाठी फोन घेतला. पोरगा तेव्हा पाचवीत. घरात त्याला सगळे बारक्या म्हणतात. रेंज फक्त माळवदावर यायची, म्हणून तो वर जाऊन बसायचा. खाली त्याच्या आईला वाटायचं, लेकरू शिकतंय. ते शिकत होतंच. पण तासाचा अभ्यास संपला तरी फोन संपत नव्हता. एक व्हिडिओ सरला की दुसरा आपोआप लागायचा. पुस्तकाचं पान उलटायला हात तरी हलवावा लागतो, इथं तेही कष्ट नव्हते.

अशा ॲपवर बहुधा तेरा वर्षांच्या आतल्या पोराला स्वतःचं खातं काढता येत नाही. म्हणून घरोघरी झालं तेच आमच्याकडं झालं. खातं बापाचं, बघणारा पोरगा. बापाचा स्वतःचा फोनही त्याच खात्यावर चालायचा. त्यामुळं भावानं उसाच्या खोडकिडीवरचा व्हिडिओ लावला की खाली कुस्ती, त्याखाली ट्रॅक्टरची ओढाओढ आणि त्याखाली साप, असं सगळं एका वळीत यायचं. भाऊ हुशार. तो म्हणाला, "दादा, म्या ह्ये कदी बगितलं न्हाई. म्हंजी ह्या वाटंनं कोणतरी गेलंय." पाणंदीतल्या चिखलात उमटलेल्या पावलांवरनं रात्री कुणाची गुरं गेली ते ओळखावं, तसं त्यानं ओळखलं.

मग त्यानं मागची सगळी यादी उघडून बघितली. त्याच्या मनात भीती एकच होती, पोरगा काही घाणेरडं तर बघत नसेल ना. तसलं काही निघालं नाही. निघाले ते नुसते साप. साप पकडणारे, साप गळ्यात घालणारे, नागाच्या फण्यावर बोट टेकवणारे. भावाचा जीव भांड्यात पडला. "साप बगतंय. बगू दे. शेतकऱ्याच्या पोराला म्हायती पायजेच की," असं म्हणून त्यानं फोन परत दिला.

पुढच्या थंडीतली गोष्ट. रविवार होता, म्हणून मी विट्याहून गावी आलो होतो. भावजय गोठ्यात शेण भरत होती. गोठ्यामागं सरपणाचा ढीग आणि पाचटाची गंज. एकाएकी तिनं शेणाची पाटी खाली टाकली आणि पळत सुटली. मी सोप्यात होतो, मला काही ऐकू आलं नव्हतं. तिला आलं होतं. कुकरची शिट्टी सुटायच्या आधी वाफ कोंडून जसा आवाज करते, तसा लांबलचक फूत्कार. तो आवाज घोणसाचा. तिच्या माहेरी वैरण काढताना तिच्या चुलत्याला घोणस चावली होती आणि तो वाचला नव्हता. तो आवाज ती विसरणार नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा बारक्याच्या एका हातात बेचक्याची काठी होती, दुसऱ्या हातात युरियाचं मोकळं पोतं, आणि पुढं दोन हातांवर वेटोळं घालून बसलेला साप. अंगावर साखळीच्या कड्यांसारखे काळपट ठिपके, तीन ओळींत. भावजयीनं त्याची कॉलर धरून त्याला असं ओढलं की शर्टाची दोन बटणं तुटली. पोरगं रडत म्हणत होतं, "आये, सोड की! अजगराचं पिल्लू हाय त्ये!"

घोणस बघून अजगराचं पिल्लू वाटणं ही काही त्या एकट्याची गोष्ट नाही. जाणत्या माणसांचीही तशी गल्लत होते. नाग, मण्यार, फुरसं आणि घोणस ही आपल्याकडची चार मोठी विषारी जनावरं. त्यात घोणस जाड, आळशी दिसणारी, जागची न हलणारी. म्हणून फसवी.

सर्पमित्राला फोन केला. तासाभरानं तो आला आणि त्यानं लांब आकड्यानं ती बरणीत घेतली. जाताना पोराला जवळ बसवून सांगितलं, "बाळा, साप धरणं हा १९७२ च्या कायद्यानं गुन्हा हाय. ह्यो खेळ न्हाई. ही चावली तर रगात गोठायचं थांबतं, हिरड्यांतनं सुद्धा येतं. मांत्रिकाकडं न्हाई, दवाखान्यात पळायचं, लस घ्यायची."

पोरगा ऐकत होता, पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसलेली. "पर त्यो व्हिडिओतला माणूस तर हातानं धरतोय. त्येला काय सुद्दा हुत न्हाई."

चुलीपुढं बसलेली आमची आई तेव्हा बोलली. तिला वाचता येत नाही, फोन तिनं कधी हातात धरलेला नाही. ती म्हणाली, "आरं, ज्याला झालं त्येचं दावत्यात व्हय?"

घरात कुणी काही बोललं नाही. मोठमोठ्या लेखांत वाचलेलं सगळं त्या एका वाक्यात होतं. पडद्यावर येतो तो वाचलेला माणूस. न वाचलेला तिथं येत नाही. आणि आपण पोरांना काय बघू नये याच्या याद्या करतो, त्यात साप नसतो, विहिरीत उडी नसते, चालत्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक उचलणं नसतं.

भावानं त्या रात्री फोन ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. आठ दिवसांनी शाळेचा अभ्यास आला, कुलूप उघडावं लागलं. मग फोनलाच नक्षीचं कुलूप घातलं. बारक्यानं काचेवर उमटलेला बोटाचा तेलकट माग उजेडात तिरका धरून बघितला आणि दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं. बघितलेल्याची यादी पुसायलाही तो शिकला. बापानं एक दार लावावं, पोरानं दुसरं उघडावं, असं महिनाभर चाललं. दोघांचं बोलणं मात्र बंद झालं.

यातनं वाट काढली ती भावजयीनं. सातवी शिकलेली बाई. तिला त्या ॲपातली इंग्रजी अक्षरं लागत नव्हती. तिनं तीनच गोष्टी ठरवल्या. फोन सोप्यात बसून बघायचा, माळवदावर न्हाई. कानात बोंडं घालायची न्हाईत, आवाज सगळ्यांना आला पायजे. आणि रात्री भाकरी थापताना आज काय बघितलं ते तिला सांगायचं. "मला वाचाया येत न्हाई त्या फोनातलं," ती म्हणाली, "पर ऐकाया येतं."

पहिले काही दिवस पोरगा एका ओळीत उरकायचा. मग त्याला सांगायची गोडी लागली. मुंग्या वारूळ कसं बांधतात, जपानात रेल्वे किती वेगानं जाते. एकदा म्हणाला, "आये, येक माणूस म्हणतोय, मोबाईलवर गेम खेळून रोज हजार रुपये मिळत्यात." भावजयीनं भाकरी परतली आणि विचारलं, "आणि ज्येचं गेलं, त्यो कुटं हाय?" पोरगा हसला. आजीचा प्रश्न त्याला ओळखू आला होता.

आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. त्या गावानं २०२२ साली एक ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात. देशभर त्याची बातमी झाली. मला त्यात सगळ्यात आवडलं ते हे की भोंगा फक्त पोरांसाठी वाजत नाही. मोठ्यांनीही फोन ठेवायचा असतो. सगळ्या गावानं मिळून खाकरावं, तसा तो भोंगा.

आमच्या गावात भोंगा नाही. आमच्या घरात मात्र परवा एक गोष्ट घडली. बारक्या आता आठवीत. ओठावर मिसरूड येतंय. हल्ली तो सगळं सांगत नाही, मधेच थांबतो. भावजय म्हणते, "थांबतंय तिथंच काय तर आसतंय. म्या लगीच इचारत न्हाई. दोन दिसांनी आपसूक बोलतंय." तर त्या रात्री जेवायला बसलो होतो. भाऊ एका हातानं घास घेत दुसऱ्या हातानं फोन सरकवत होता. बारक्यानं त्याच्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "पप्पा, आज तुमी काय बगितलं त्ये सांगा की."

भावानं आधी आईकडं बघितलं, मग बायकोकडं. कुणीच मदतीला आलं नाही. मग त्यानं फोन पालथा ठेवला, तोंडातला घास गिळला आणि सांगायला लागला.