मुद्दल, रास आणि पटवाऱ्याची साखळी

महसूल खात्यातले बहुतेक गणित आठवी-नववीच्या पुढे जात नाही. तरीही लोकांचे मोठे नुकसान याच गणितात होते, असे माझे मत आहे.

रायपूरच्या पंडरी भागात, कापड बाजाराजवळ माझा मुक्काम होता. बाजारातल्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालणारा तरुण आणि त्याची बहीण रात्री माझ्याकडे गणित शिकायला येत. दोघांनाही पटवारी, म्हणजे आपल्याकडचा तलाठी, व्हायचे होते. बीजगणित, सरळव्याज, त्रिकोण या सर्वांची सूत्रे त्यांना मुखोद्गत होती. पण आलेले उत्तर नेमके कशाचे, हे विचारण्याची सवय नव्हती.

म्हणून मी पुस्तक मिटले आणि कागदावर एक त्रिकोणी शेत काढले. पाया ५ साखळ्या, एक तिरकी बाजूही ५ साखळ्या, शिरोबिंदूपासून पायावर टाकलेला लंब ४ साखळ्या. ६६ फुटी साखळीने मोजल्यास १० चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. पाया गुणिले लंब भागिले दोन, म्हणजे शेत बरोबर १ एकर. मुलाने लंबाऐवजी तिरकी बाजू घेतली आणि शेत सव्वा एकराचे झाले. बहीण पटकन म्हणाली, "साहेब, हे जास्तीचे पंचवीस डिसमिल कोणाचे?" (इकडे एकराच्या शंभराव्या भागाला डिसमिल म्हणतात, पंचवीस डिसमिल म्हणजे आपले दहा गुंठे.) कोणाचे असणार? कागदावर ते शेजाऱ्याच्या बांधातूनच येणार. काटकोन न साधता टाकलेली साखळी भाऊबंदकीला किती वर्षे पुरते, ते महसुली न्यायालयात बसलेल्यांना सांगायला नको.

मग व्याज. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार, सामाजिक परिणाम अभ्यासाच्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताबा घेईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, बाजारमूल्यावर दरसाल १२ टक्के रक्कम मिळते. चक्रवाढ नाही. बाजारमूल्य ८,००,००० रुपये आणि मुदत १८ महिने असेल तर १,४४,००० रुपये. दिलासा रक्कम वगैरे बाजूला ठेवून मी हिशेब उलटा केला : हाती ९,४४,००० आले, तर सरकारने जमिनीची किंमत किती धरली? येथे 'क्ष' उपयोगी पडतो. १.१८ क्ष = ९,४४,०००.

हा उलटा प्रश्न जुनाच आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) दरमहा शेकडा ५ व्याजाने वर्षाअखेर मुद्दल व व्याज मिळून १,००० होतात, तर दोन्ही वेगळे करा, असे उदाहरण आहे. उत्तर ६२५ आणि ३७५. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. शेतकऱ्याला मात्र आजही रास कळते, मुद्दल कळत नाही.

मी पाहिलेल्या अनेक निवाड्यांत एकूण रक्कम ठळक असते, रीत नसते. अधिसूचनेची तारीख, ताब्याची तारीख, धरलेले मुद्दल आणि महिने एका ओळीत छापले, तर खातेदाराच्या घरातले शाळकरी पोरही पडताळणी करू शकेल. वरच्याच उदाहरणात ताबा तीन महिने आधी घेतला असेल, तर रक्कम १,२०,००० वर येते. हे २४,००० का कमी झाले, ते विचारायला त्याला आधी ती तारीख दिसली पाहिजे.