शेंदुरजनाघाट आणि अंगणांतलें संत्रें

संत्र्याची फांक खातांना निघालेली बी तुळशीवृंदावनाच्या कडेस खोंचून ठेवण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांतून आहे. रोप उगवतें, मुलें त्यास पाणी घालतात. पुढें लांब कांटे फुटले म्हणजे कोणीतरी वडीलधारें माणूस ‘हें जंगली निघालें’ म्हणून तें उपटावयास सांगतें. हा निकाल कितपत न्यायाचा, हें पाहण्याचा योग आम्हांस वऱ्हाडच्या प्रवासांत आला.

नागपूरहून काटोलमार्गें वरुडाकडे जातांना वाटेंत संत्र्याच्या बागा लागतात. वरुडापलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशीं, शेंदुरजनाघाट हें गांव कलमांकरितां प्रसिद्ध आहे. येथें लोक फळांपेक्षां रोपांसाठींच अधिक येतात. आम्हीं पाहिलेले गादीवाफे हिरवेगार होते; पण त्यांत संत्र्याचें एकही रोप नव्हतें! तीं सारीं जंबेरीचीं. बियांपासून वाढविलेलें हें रोप पेन्सिलीइतकें जाड झालें, कीं जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीस छेद देऊन त्यांत संत्र्याचा डोळा भरतात. मुळें जंबेरीचीं, वरचा संसार संत्र्याचा. एकत्र कुटुंबाची ही तऱ्हा आम्हांस मोठी मौजेची वाटली.

मग घरच्या बीचें काय? संत्र्याच्या एकाच बींतून पुष्कळदां दोन-तीन अंकुर निघतात. हें नवल लीवेनहूक या डच संशोधकानें १७१९ सालींच नोंदविलें होतें. त्यांतला एखादा अंकुर परागसंयोगाचा. बाकीचे केवळ आईच्या पेशींपासून झालेले, म्हणून गुणांनीं आईसारखेच. जंबेरीचेंही तसेंच असल्यामुळें वाफ्यांतलीं वेगळ्या तोंडवळ्याचीं रोपें बागवान काढून टाकितात. तेव्हां अंगणांतलें कांटेरी रोप बहुधा जंगली नसतें. कांटे हें त्याच्या बाल्याचें लक्षण होय. पपनसाच्या बींत मात्र एकच अंकुर, तेथें आईची हमी नाहीं. कागदी लिंबू तर आपल्याकडे सर्रास बियांपासूनच लावितात.

खरी अडचण काळाची आहे. कलम चार-पांच वर्षांत फळ देतें. बीचें झाड सात-आठ वर्षें, कधीं त्याहूनही अधिक वाट पाहावयास लावितें. बागाईतदारास एवढा धीर परवडत नाहीं. कर्ज आणि विहिरीचें पाणी, दोहोंची चिंता त्याच्या मानेवर असते. अंगणास ती घाई नाहीं.

बी मात्र वाळूं देऊं नये. फळ सोलावें त्याच दिवशीं ती धुवून बोटाच्या पेराएवढी खोल पेरावी. पुढें फुलपाखराच्या अळ्या कोंवळीं पानें फस्त करितात. लहानपणीं त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून नजरेस चुकतात. रोज सकाळीं त्या हातानें वेंचाव्या, आणि हें काम मुलांकडे द्यावें. त्यांचे डोळे आपल्याहून तीक्ष्ण असतात.