जागल्या

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जळगावच्या दाणाबाजारातून सावकाश चालत जाण्याची माझी जुनी हौस आहे. दुकानांना झेंडूच्या माळा लागलेल्या असतात, पेढीवर पांढरीशुभ्र गादी घातलेली असते आणि तिच्यावर लाल बांधणीची नवी वही कुंकवाची बोटे लावून ठेवलेली असते. खरा हिशेब आता संगणकात असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी पूजा वहीचीच होते. धनाची पूजा करणारे लोक जगात पुष्कळ असतील. हिशेबापुढे हात जोडणारे हे आमचे व्यापारी मला नेहमीच शहाणे वाटत आले आहेत.

आमच्या घरीही एक वही आहे. दूध, किराणा, पोरांच्या फिया, सारे तिच्यात. आणि तिच्या पहिल्या पानाला टाचणीने माझे पगारपत्रक टोचलेले. त्या पत्रकात एक कपात आहे : व्यवसाय कर, महिना 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे अडीच हजार. कित्येक वर्षे मी या कपातीवर कुरकुर केली. मास्तराची नोकरी हा काय व्यवसाय, त्याच्यावर कर कसला, असे मी म्हणायचो. माझे अर्थशास्त्र मॅट्रिकच्या अंकगणितापलीकडे गेलेले नाही, त्यामुळे हा कर आला कोठून याची चौकशी करण्याचे कधी सुचलेच नाही. चौकशी केली आणि कुरकुर बंद झाली.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना हाती घेतली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. मागेल त्याला काम, आणि बाईला पुरुषाइतकाच दर. पुढे 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पण कामाला पैसा हवा. त्यासाठी 1975 साली व्यवसाय कर बसवण्यात आला : नोकरदार आणि व्यापारी यांच्याकडून घ्यायचे आणि खेड्यातल्या उपाशी माणसाच्या हाताला द्यायचे. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची.

आणि त्या उपाशी माणसांत माझी माय होती.

1986-87 सालची गोष्ट. पारोळ्याहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोड्या आत आमचे गाव. पावसाने पाठ फिरवलेली, विहिरींचे तळ दिसत होते. गावाबाहेर पाझर तलावाचे काम निघाले आणि माय पाटी घेऊन मातीवर गेली. मी तेव्हा तिसरीत होतो. नुकतेच जोडाक्षर वाचता येऊ लागले होते आणि दिसेल ते मोठ्याने वाचण्याचे वेड लागले होते. दुकानाची पाटी, साबणाची वडी, एस. टी. च्या पाठीवरची सूचना, काही सुटत नसे.

पगाराच्या दिवशी मीही कामावर गेलो. हजेरी कारकून लिंबाखाली पेटीवर मस्टर पसरून बसला होता. बायाबापड्या रांगेने येत, शाईत अंगठा बुडवत, उमटवत, नोटा मोजत आणि जात. मी कारकुनाच्या खांद्यामागे उभा राहिलो आणि नेहमीच्या सवयीने खडखडीत आवाजात नावे वाचू लागलो. पाच-सात नावे झाली. मग एक नाव आले ते आमच्या गल्लीतल्या म्हातारीचे. ती पोळ्याच्या आधीच गेली होती. मस्टरावर मात तिचे सहा दिवस भरले होते आणि पुढे अंगठाही उमटला होता.

आधी कोणी तरी हसले. मग सगळे गप्प झाले. कारकुनाने मस्टर मिटले.

पुढच्या आठवड्यात मायला काम मिळाले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घरात दोन वेळची चूल एकावर आली. आपल्यामुळे हे झाले हे तिसरीतल्या पोरालाही कळत होते. मी एका रात्री पांघरुणात तोंड घालून रडत होतो, तेव्हा माय म्हणाली, “खोटं वाचं का तू?”

“नई.”

“मंग रडस काबर?”

तिसऱ्या आठवड्यात गल्लीतल्या बाया मायला सोबत घेऊन कामावर गेल्या. त्यांनी भांडण केले नाही, अर्ज केला नाही. अर्ज लिहिणार कोण? त्यांनी एवढेच सांगितले की आधी सगळी नावे मोठ्याने वाचा, मग अंगठे देतो. दुपारपर्यंत पेटी तशीच पडून राहिली. शेवटी नावे वाचली गेली. त्या तलावाचे काम संपेपर्यंत दर पगाराला नावे वाचली जात होती. म्हातारीचे नाव पुन्हा आले नाही. पुढे 2005 साली केंद्राचा रोजगार हमीचा कायदा झाला; धुळे जिल्हा त्याच्या पहिल्या यादीत होता. कामाचे हिशेब ग्रामसभेत तपासावेत असे त्यात लिहिले होते आणि त्याला ‘सामाजिक अंकेक्षण’ असे भारदस्त नाव होते. मला ते वाचून लिंबाखालची पेटी आठवली.

एवढे सांगून थांबलो असतो तर माझी शोभा राहिली असती. पण हिशेबाच्या दिवशी अर्धा हिशेब सांगू नये.

मी मास्तर झालो. शाळेत दुपारच्या आहाराची नोंद ठेवणे माझ्याकडे आले. पहिलीपासून पाचवीपर्यंत माणशी 100 ग्रॅम तांदूळ. एका बाजाराच्या दिवशी पटावरच्या 31 पोरांपैकी 22 आली. मी घाईत होतो, आणि आदल्या महिन्याच्या तांदळाचा मेळ बसत नव्हता. मी 31 लिहिले. नऊ पोरांचे 900 ग्रॅम! त्याने कोणाचा वाडा उभा राहणार होता? पण संध्याकाळभर मी वाट पाहत होतो की कोणी तरी विचारील. कोणी विचारले नाही. त्या न विचारण्याचीच मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी मी 31 खोडून लाल शाईने 22 केले आणि सही ठोकली. गंमत पाहा, पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी साऱ्या वहीत एकच प्रश्न काढला : “इथे खाडाखोड का?”

हल्ली मी राज्याचा अर्थसंकल्प वर्तमानपत्रात वाचतो. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याच्या कर्जाचा अंदाज 9 लाख 32 हजार कोटी रुपये होता. एक लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्ये. फळ्यावर लिहिली तर पोरे हसतात. 2011 च्या शिरगणतीप्रमाणे आपण सव्वाअकरा कोटी. भागाकार केला की माणशी 83 हजारांच्या आसपास येतात. कर्ज काढणे हे पाप नव्हे. विहिरीसाठी कर्ज काढणाऱ्याला खानदेशात कोणी नावे ठेवत नाही. पण त्याच वर्षी रोजच्या खर्चाला रोजची मिळकत सुमारे 45 हजार 900 कोटींनी कमी पडेल असा अंदाज होता. विहिरीचे कर्ज वेगळे आणि फराळाचे वेगळे. आणि विहिरीचे म्हणावे तर अमळनेर तालुक्यात तापीवरचे पाडळसे धरण पाहा. शे-दीडशे कोटींचे म्हणून निघाले, 2023 पर्यंत त्याचा खर्च पाच हजार कोटींच्या घरात गेला, आणि वाट पाहता पाहता शेतकऱ्यांची एक पिढी म्हातारी झाली.

यावर लक्ष ठेवायला माणसे आहेत. महालेखापरीक्षक आहेत, विधिमंडळाची लोकलेखा समिती आहे. पण त्यांचे अहवाल येतात ते पाणी वाहून गेल्यावर. आमच्या धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. बंधाऱ्याचे पाणी सगळ्यांचे, वाटणी ठरलेली, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला पाटकरी आणि जागल्या. जागल्या म्हणजे जागणारा. पाणी चालू असते तेव्हाच तो बांधावर असतो. त्याचे पोट शेतकरीच भरतात, म्हणून तो जागा आहे की नाही हेही तेच पाहतात.

माय आता सत्तरीच्या पुढे आहे. तिला अजून अक्षर येत नाही. लक्ष्मीपूजनाला आमची वही पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिले, की ती भिंतीला टेकून बसते आणि मला वर्षाचा जमाखर्च वाचायला लावते. गेल्या साली मी पगारपत्रकापाशी आलो आणि आवाज जरा खाली गेला. व्यवसाय कर, अडीच हजार.

“मोठ्यानी वाच,” माय म्हणाली.