चारचा चहा

मे महिन्यात राजापूरजवळच्या माहेरी गेले की घरात शिरण्याआधी माझी नजर खळ्याकडे जाते. तिथे उन्हात दोन-तीन काचेच्या बरण्या ठेवलेल्या असतात. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, आणि आत गडद लाल रस दिवसागणिक वर चढत असलेला. अमृतकोकम. पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, धुऊन, पुसून, चांगले कोरडे करून आई ते मधोमध चिरते, आतला गर आणि बिया काढते. उरलेल्या सालीच्या वाट्यांत साखर भरायची आणि बरणीत एकावर एक रचत जायचं. किलोभर सालीला दोन किलो साखर. पाण्याचा थेंब नाही, विस्तव नाही. साखर सालीतला रस ओढून घेते आणि आठ-दहा दिवसांच्या उन्हात स्वतः त्यात विरघळून जाते. बियाही फुकट जात नाहीत. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येतं, ते थिजलं की मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. म्हणून ते मुठेल. माझ्या टाचांच्या भेगांना दर हिवाळ्यात तेच लागतं.

त्याच घरातली दुसरी न चुकणारी गोष्ट म्हणजे चारचा चहा. पातेल्यात पाणी, ठेचलेलं आलं, गवती चहाची दोन पाती, मग भुकटी, मग दूध. बाहेर अंग भाजून निघत असलं तरी आई तो कढतच पिते, बशीत ओतून. लहानपणी मला वाटायचं की दुपार संपवायचं काम घड्याळ करत नाही, आईची बशी करते.

एक बरणी दरवर्षी माझ्याबरोबर ठाण्याला येते. गेल्या वर्षी ती आली तेव्हा माझा मुलगा नुकताच अकरावीत गेला होता आणि क्लासहून येताना हातात प्लास्टिकचा मोठा ग्लास घेऊन यायचा. पीच आइस्ड टी. मी एक घोट घेतला. साखर होती, वास होता, गारवा होता. चहा मात्र मला कुठे सापडला नाही. वाईट याचं वाटलं की ज्या घरात पिढ्यान् पिढ्या चहा प्यायला गेला, तिथल्या मुलाला थंड चहाची चव अशी ओळखीची व्हावी. आपल्याकडे फळ आहे, चहा आहे, आणि मसाला तर आईच्या परसात उगवतो. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत दालचिनी, जायफळ, मिरी अशी मसाल्याची पिकं घेण्याची ‘लाखी बाग’ कोकणात रुजवली. आमची बाग तेवढी मोठी नाही; विहिरीकडे एक दालचिनी आहे, पोफळीवर चढलेले मिरीचे दोन वेल आहेत. पण माझ्या डब्यातली दालचिनी आईने स्वतः सोललेली असते. मी ठरवलं, थंड चहा घरी करायचा. अट एकच: प्यायल्यावर तो चहा वाटला पाहिजे, सरबत नाही.

पहिल्या दिवशी मी रोजच्यासारखंच केलं. पाणी उकळलं, त्यात दालचिनी, लवंग, वेलदोडे, दोन मोठे चमचे भुकटी, पाच मिनिटं खळखळून उकळी. गाळलं, गरम असतानाच अमृतकोकम घातलं आणि पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं. तासाभराने बाहेर काढलं तेव्हा आत गढूळ, मातकट रंगाचं पाणी होतं. पहिल्या पावसात वहाळाला येतं तसं. चव त्याहून वाईट. जिभेवर आधी आंबट, मग कडू, आणि शेवटी घशात लवंगेचा चटका. मुलाने काही न बोलता ग्लास संपवला. त्याच्या त्या चांगुलपणामुळेच मी हे काम नीट शिकायचं ठरवलं.

चहा गढूळ का होतो, याला कारण आहे. चहातलं कॅफिन आणि त्याला रंग व तुरटपणा देणारी पॉलिफेनॉल ही द्रव्यं गरम पाण्यात सुखाने वेगवेगळी राहतात. पाणी गार झालं की ती एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे बारीक कण पाण्यात तरंगू लागतात. चहा चाखण्याचा धंदा करणारे याला ‘क्रीमिंग’ म्हणतात आणि गरम प्यायच्या चहात ही दमदारपणाची खूण मानतात. म्हणजे माझी भुकटी वाईट नव्हती, उलट कडक होती. ती सीटीसी चहाची; त्याची पत्ती यंत्रात चिरडून, फाडून, गोळी वळवून केलेली असते. दाणा बारीक, त्यामुळे त्यातलं सगळं भराभर पाण्यात उतरतं. दूध घालून प्यायला तेच हवं. दुधातली प्रथिनं त्या तुरटपणाला धरून ठेवतात. पण दूध नसलेल्या, बर्फातल्या चहाला तो कडकपणा सोसत नाही.

मग मी पानाचा चहा आणला, निलगिरीचा. हा चहा गार झाल्यावरही बराच नितळ राहतो, म्हणून थंड चहासाठी त्याचं नाव आहे. आणि उकळी बंद केली. एक लिटर गार पाण्यात पाच लहान चमचे पानं टाकायची, झाकण लावायचं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी गाळून घ्यायचं. गार पाण्यात रंग आणि सुगंध सावकाश उतरतात, कडवटपणा मात्र पानातच बराचसा मागे राहतो. पहिल्यांदा ती बाटली मी खिडकीत उजेडाकडे धरली तेव्हा मधासारखा पिवळसर तांबूस रंग आरपार दिसत होता. चहाकडे इतकं निरखून मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दुधाच्या चहात बघायला काही उरतच नाही.

बर्फाच्या चहाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचा माणूस भारतातल्या चहाचा प्रचार करत होता. उकाड्यात गरम चहाकडे कोणी फिरकेना, तेव्हा त्याने तो बर्फावरून गार करून दिला आणि लोकांची झुंबड उडाली. बर्फाचा चहा त्याने शोधला नाही. १८७९ साली छापलेल्या व्हर्जिनियातल्या एका पाककृतींच्या पुस्तकात तो आधीच आहे. पण त्या कडक उन्हात गार होऊन लोकांच्या हाती गेलेला चहा आपल्या मळ्यांतला होता, हे वाचून मला फार बरं वाटलं.

चहाला गार पाणी मानवलं, मसाल्याचं मात्र उलटं निघालं. दालचिनी, लवंग चहाबरोबर गार पाण्यात रात्रभर ठेवून पाहिली. सकाळी वास नावापुरता होता. त्यांचा गंध तेलात असतो आणि ते तेल गार पाण्यात सहज सुटत नाही. त्यांना आच हवी. म्हणून आता वेगळा काढा करते: पाव लिटर पाणी, बोटभर दालचिनी, तीन लवंगा, पाच ठेचलेले वेलदोडे, सहा-सात मिरीदाणे आणि चक्रीफुलाची एकच पाकळी. मंद आचेवर दहा मिनिटं, झाकण ठेवून. झाकण महत्त्वाचं, नाहीतर सगळा सुगंध स्वयंपाकघराला मिळतो आणि पातेल्यात तिखटपणा उरतो. काढा झाकणाखालीच गार होऊ द्यायचा. आलं मी घालत नाही. ते कढत चहाचं आहे, दुधाशी त्याचं जमतं. इथे ते कोकमावर कुरघोडी करतं.

मध्येच एक आठवडा सगळं बिघडलं. मे अखेरीला सोसायटीत पाणीकपात झाली, टँकर येऊ लागले, आणि त्या जड पाण्याने चहावर पातळ साय धरली. रंग काळपट झाला, कोकम घातल्यावरही लाली उठेना. पाण्यातल्या चुन्याचं हे काम. चुना काढणाऱ्या फिल्टरचं पाणी वापरल्यावर रंग परत आला.

आणि एक चूक अशी होती की आईला फोन केला नसता तर ती मी करतच राहिले असते. अमृतकोकम उन्हात होतं, तर चहाही उन्हात का होऊ नये, असं वाटून मी पानं घातलेली काचेची बरणी दुपारभर गॅलरीत ठेवली. रंग सुंदर आला. मी उत्साहाने आईला सांगितलं.

“फेकून दे तो,” ती म्हणाली.

“अगं, पण कोकमाची बरणी तू दहा दिवस ठेवतेस ना?”

“तिथे साखर आहे गो. साखर राखण करते. तुझ्या पाण्याची राखण कोण करणार?”

बरोबर होतं तिचं. कोमट पाण्यात पानं तासन् तास ठेवणं म्हणजे जंतूंना जागा करून देणं. तो चहा मी मोरीत ओतला. पण तिच्या बोलण्याने माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. सुरुवातीला मी सगळ्यांना एकाच पातेल्यात घालून एकाच आचेवर ठेवलं होतं. कोकमाला ऊन हवं, मसाल्याला विस्तव हवा आणि चहाला गारवा. कोकमाला आच लागली तर त्याची लाली करपते; पहिल्या दिवशीच्या त्या मातकट रंगात त्याचाही वाटा असणार. तिघांनी आपापल्या जागी तयार व्हावं आणि ग्लासातच भेटावं.

तेव्हापासून रीत ठरली आहे. उंच ग्लासात तळाशी दोन मोठे चमचे अमृतकोकम. गारव्यात जिभेला गोडी कमी लागते, म्हणून ते हात आखडून घालून चालत नाही. त्यावर दोन चमचे काढा आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. मग बर्फ, आणि हा बर्फ पाण्याचा नसतो. त्याच चहाचे खडे मी ट्रेमध्ये जमवून ठेवते, म्हणजे ते वितळले तरी शेवटच्या घोटापर्यंत चहा पातळ होत नाही. वरून सावकाश चहा ओतायचा. आंबटाने चहाचा स्वतःचा रंग फिकट होतो आणि त्याच आंबटाने कोकमाची लाली खुलते, त्यामुळे खाली माणकासारखा लाल आणि वर मधाळ असे दोन थर क्षणभर दिसतात. ढवळायची घाई करू नये.

इतर फळंही घालून पाहिली. अननस छान लागतो, त्याला मिरी थोडी जास्त हवी. जांभळाचा रंग देखणा, पण जांभूळ स्वतःच तुरट आणि चहाही तुरट; दोन तुरट एकत्र आले की जीभ आखडते. करवंदं मला आवडली, घरात इतर कोणाला नाहीत. हापूस मात्र चहात घालू नये, हे मी अगदी ठामपणे सांगेन. त्याचा गर जड बसतो आणि त्याचा दरवळ बाकी कोणाला बोलूच देत नाही. आंबा आंब्यासारखाच खावा.

मुलाच्या हातातला प्लास्टिकचा ग्लास एकदम सुटला असं नाही. पण जूनमध्ये एका संध्याकाळी त्याचे तीन मित्र आले आणि त्याने मला न विचारता स्वतः चार ग्लास भरले. काढा किती, कोकम किती, हे त्याला माहीत होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी त्याला थर लावताना पाहिलं. खालचा लाल रंग हलू नये म्हणून तो चमच्याच्या पाठीवरून चहा ओतत होता. ते मी त्याला शिकवलं नव्हतं.

त्याच महिन्यात आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली. पाऊस लांबला होता आणि हवा अशी की पंख्याखाली बसूनही पदर ओला व्हावा. पहिले चार दिवस मी तिला तिचाच चहा दिला, आल्याचा, कढत. थंड चहा तिच्यापुढे ठेवायचं धाडस होत नव्हतं. बिनदुधाचा चहा म्हणजे दूध नासलं त्या दिवशीचा चहा, असंच ती आयुष्यभर म्हणत आली आहे. पाचव्या दिवशी चार वाजता तीच म्हणाली, “तो तुझा लाल चहा बघू.”

एका डोळ्यावर पट्टी होती. ग्लास तिने दोन्ही हातांत धरला, आधी वास घेतला. “दालचिनी आपली,” ती म्हणाली. मग टेबलावर काहीतरी चाचपडू लागली. मला वाटलं, चमचा हवा असेल.

“बशी कुठाय?”

मी बशी आणून दिली. तिने त्यात बर्फाचा एक खडा येऊ न देता चहा ओतला, सवयीने त्यावर फुंकर घातली, आणि प्यायली. पुन्हा ओतला, पुन्हा प्यायली. लाल रंगाची एक कड बशीवर राहिली. मग ती म्हणाली की यात मिठाची एक कणी हवी, कोकम आहे म्हटल्यावर मीठ हवंच. मी मीठ आणलं. खरोखर, इतके दिवस तेच राहिलं होतं.