केदाहचा डोंगर

मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. पण शाळेतला भूगोलाचा तास मी आजवर कुणाला सोडलेला नाही. भिंतीवर नकाशा उलगडला, की माझी छडी हटकून पूर्वेकडे सरकते. ब्रह्मदेशाखाली जमिनीची एक चिंचोळी पट्टी समुद्रात लोंबते आहे. तेच मलाया द्वीपकल्प. क्रा येथे त्याची रुंदी अवघी ४४ किलोमीटर! खाली तितिवांग्साची डोंगररांग, तिच्यावर निबिड अरण्य. टॉलेमीने याला 'सोन्याचे द्वीपकल्प' म्हटले. आपल्या 'कथासरित्सागरा'त यातलेच केदाह 'कटाह' नावाने येते.

या केदाहात, मुख्य रांगेपासून अलग, जेराई नावाचा डोंगर अगदी किनाऱ्याशी उभा आहे. उंची सुमारे १२०० मीटर. आमच्या सह्याद्रीत तो सहज खपून जाईल. पण सिंहलद्वीपाचे दक्षिण टोक सोडून गलबताने सरळ पूर्व धरली, की कित्येक दिवसांच्या पाण्यानंतर हाच डोंगर दिसायचा. त्याच्या पायथ्याच्या बुजांग खोऱ्यात हिंदू आणि बौद्ध देवळांची जोती सापडली आहेत. सातव्या शतकात चिनी भिक्षू इत्सिंगही येथे थांबून ताम्रलिप्तीस गेला.

थांबणे भागच होते. नैऋत्येच्या वाऱ्याने आलेल्या गलबताला ईशान्येचा वारा सुटेपर्यंत परत फिरता येत नसे. आमचे आजोबा गलबतावर तांडेल होते. आजी सांगायची, "आम्ही पंचांग बघत नव्हतो रे, वारा बघत होतो!" हे वाक्य कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही, आणि असायला हवे होते.

१०२५ साली राजेंद्र चोळाच्या आरमाराने हे कडारम जिंकले. तंजावरच्या देवळावर ते कोरलेले आहे. मुलांना ही लढाई फार आवडते. मला मात्र दुसऱ्याच एका शिळेची ओढ आहे. तीही केदाहच्या बाजूलाच, १८३४ साली सापडली. आता कलकत्त्याच्या संग्रहालयात आहे. पाचव्या शतकातला बुद्धगुप्त नावाचा महानाविक, बंगालमधील रक्तमृत्तिकेचा राहणारा. त्याने स्तूप कोरवला, आणि यात्रा सिद्धीस जावो, एवढेच मागितले. राज्य नाही, खंडणी नाही.

त्याच बुजांग खोऱ्यात २०१३ साली घरबांधणीसाठी जमीन साफ करताना एका देवळाचे जोते यंत्राने उखडले गेले. हजाराहून अधिक वर्षांचे मानले जात होते ते. बातमी वाचली त्या दिवशी वर्गात माझे लक्ष लागले नाही.

बुद्धगुप्त घरी पोहोचला की नाही, शिळा सांगत नाही. दोन वर्षे मी त्याच्यावर कादंबरी लिहितो आहे. गलबत, डोंगर, वारा सारे जमले. त्याच्या घरच्या माणसाला नाव काय द्यावे, एवढ्यावर अडले आहे.