उधाणाला अर्ज कळत नाही

रायगडच्या खारेपाटात आमची भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये असतो फक्त एक मातीचा बांध. उधाणाच्या भरतीत तो फुटला की त्या भगदाडाला आम्ही ‘खांड’ म्हणतो. पहिल्या दिवशी ती चार हातांची असते. मग दिवसातून दोनदा भरती-ओहोटी तिच्यातून ये-जा करते आणि खांड रुंदावत जाते. खारं पाणी मुरलं की जमीन धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात.

पूर्वी घरटी एक माणूस निघायचा, चिखल-दगड टाकून खांड बांधायचा. आता बांधाच्या पायथ्याला कांदळवन आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८च्या निकालानुसार ते खासगी जमिनीवर असलं तरी संरक्षित. भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकाम नाही. सार्वजनिक हितासाठी तोडायचं तर न्यायालयात जायचं. बुलेट ट्रेनला २०२२मध्ये सुमारे २२ हजार झाडांसाठी परवानगी मिळाली. पण तिच्याकडे वकील होते, वेळ होता. आमच्याकडे पुढच्या उधाणापर्यंतचे दिवस असतात. खांड तशीच राहिली तर बुडालेल्या शेतातच कांदळवन उगवतं, आणि मग शेतही संरक्षित!

तरी मला सरसकट सूट नको आहे. बांधावर येणाऱ्या लाटेचा जोर कांदळवनच मोडतं.

अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्यात एक अरुंद वाट आहे. नुकत्याच मोडलेल्या बांधाची तातडीची पुनर्बांधणी परवान्याविना करता येते. मात्र मोडल्यावर वाजवी मुदतीत आणि मूळ आकार न बदलता. त्याच देशात जानेवारी २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ‘ऊर्जा आणीबाणी’ जाहीर केली आणि ग्रेट लेक्समधल्या सामुद्रधुनीखालून जाणाऱ्या तेलवाहिनीच्या बोगद्याची फाईल तातडीच्या रांगेत गेली. तो बोगदा काही रात्रीत फुटलेला नव्हता. अजून बांधायचाच होता.

फरक इथेच आहे. खांड मोजता येते, तिला तारीख असते. फोटो काढा, ग्रामपंचायतीला आणि वन विभागाला त्याच दिवशी कळवा, जुन्या रेषेवर बांधा. किती झाडं गेली ते नंतर येऊन तपासू द्या. एवढीच सूट पुरे. जुन्या रेषेच्या हातभर पुढे माती पडली, तर मात्र आम्हीही रांगेत उभं राहून परवानगी मागायला हवी.